जांभूळच्या गोठ्यातली गाडी

माझ्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागून तीन महिने झाले होते आणि घरात त्याचे हात नुसते शिवशिवत होते. अंबरनाथ एमआयडीसीत तो मेंटेनन्स फिटर. बंद पडलेलं मशीन चालू करायचं, हेच काम त्यानं सतरा वर्षं केलं होतं, आणि आता सगळी मशिनं एकदमच बंद. सकाळी सवयीनं डबा घेऊन तो कंपनीच्या गेटवर जायचा, बाकीच्या कामगारांबरोबर दुपारपर्यंत बसायचा आणि घरी आला की काहीतरी उघडायचा. मिक्सर उघडला. शिलाई मशीन उघडलं. शेजाऱ्यांचा पंखा उघडला. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळसुद्धा उघडलं आणि मी ओरडले तेव्हा म्हणाला, "बघत होतो, कसं काय चालतं ते."

अशात एक दिवस तो जवळच्या जांभूळ गावात कुणाचा तरी विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला गेला आणि संध्याकाळी टेम्पोच्या मागे दोर बांधून एक मोटार घेऊन आला.

मी ऑफिसातून नुकतीच आले होते. कुळगावातलं आमचं बैठं घर, पुढे छोटं अंगण. त्या अंगणात जास्वंद मोडून ती उभी राहिली. काळी, पाठीला बाक असलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती गाडी. अंगभर शेणाचे पोपडे. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घालायला जागा केलेली. टेम्पोत पुढे जांभूळचा तो शेतकरी बसून आला होता, ज्याच्या गोठ्यात ती इतकी वर्षं पडून होती.

"कोणाची आहे ही?" मी विचारलं.

"कुना सायबाची व्हती म्हनं," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या टायमाची. आठ दिवस ठेवा म्हनून सांगितलं न् गेला तो गेला. बाप मेला, आता म्हशीला जागा नाय ऱ्हात. तुमच्या मालकांनी पंप चालू केला, त्यांना म्हटलं, न्या ही ब्याद."

"आणि कागद?"

तो हसला. "गोठ्यात कसले कागद, वैनी?"

माझ्या तोंडून पहिला प्रश्न कागदाचाच निघाला, कारण माझा पोटापाण्याचा धंदाच तो. अंबरनाथच्या पालिकेच्या कार्यालयात मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसायचे. कार्यालयाची पाटी तेवढी बदलायची, कधी नगरपालिका, कधी महापालिकेचा वॉर्ड, मग परत नगरपालिका. माझं टेबल तेच. दिवसातून पन्नास वेळा मी एकच वाक्य म्हणायचे, "कागद घेऊन या."

पुढचं वर्षभर, टाळं उघडायची वाट बघत, नवरा त्या गाडीखाली झोपून राहिला. इंजिन उतरवलं, धुतलं, परत चढवलं. जे मिळत नव्हतं ते उल्हासनगरात नमुना दाखवून बनवून आणलं. आमच्या घरातल्या प्रत्येक टॉवेलला ग्रीस लागलं. मी चिडायचे, पण मनातून बरंही वाटायचं. गेटवर बसणारे त्याचे दोन मित्र दारूला लागले होते. हा निदान संध्याकाळी साबणानं कोपरापर्यंत हात धुवून जेवायला बसत होता.

गाडी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी गल्ली गोळा झाली. नवऱ्यानं कुणाचंही न ऐकता ती रस्त्यावर काढली, नाक्यापर्यंत नेली, आणि नाक्यावर हवालदारानं शिट्टी मारली.

तासाभरानं मी चौकीत पोचले तेव्हा नवरा बाकावर मान खाली घालून बसला होता. गाडी मागच्या आवारात शिरीषाच्या झाडाखाली. फौजदार वयस्क होते, आवाज शांत.

"बाई, कागद नाही म्हणजे गाडी नाही," ते म्हणाले. "समोर उभी असली तरी नाही. चोरीची असेल, कुणाच्या खुनातली असेल, मला काय माहीत? पंधरा दिवस देतो. मालक कोण ते लेखी आणा. नाहीतर बेवारस म्हणून कोर्टात जमा."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. खुनातली, हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना वाटायचं, त्या साहेबाला कुणी मारलं असेल आणि गाडी गोठ्यात लपवली असेल. टेबलावर बसल्याबसल्या मी पाय हलवत राहायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणायच्या, "अगं, पाय हलवू नकोस, टेबल हलतं." नवरा तर रोज सकाळी गेटवर जायच्या आधी फडकं घेऊन चौकीत जायचा आणि जप्त झालेली गाडी पुसून यायचा. हवालदार त्याला हटकेनासे झाले.

रजा टाकून मी ठाण्याला आरटीओत गेले. तिथल्या कारकुनानं नंबरप्लेटवरचे आकडे उतरवून आणलेला कागद पाहिला. "ही फार जुनी सीरिज. ह्याचं रजिस्टर मुंबईला. आणि हा शेवटचा आकडा तीन आहे की आठ?" प्लेट इतकी गंजली होती की मलाच सांगता येईना.

बाहेर एका एजंटानं गाठलं. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. "मॅडम, कुठं मुंबईला हेलपाटे घालता? भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी पुस्तक माझ्याकडं आहे. हाच प्रकार, हाच रंग. चेसिसवर फक्त नंबर ठोकून घ्यायचे. काम खतम."

मी घरी येऊन हे सांगितलं, ते हसण्यावारी नेण्यासाठी. पण नवरा हसला नाही. "नंबर ठोकायचे पंच माझ्या पेटीत आहेत," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

"अहो, काय बोलता हे?"

"का? गाडी कुणाची चोरली आपण? फेकून दिलेली उचलली. मी ती जिवंत केली."

"दुसऱ्याचं नाव लावून?"

"तुला तुझ्या कागदांपलीकडं काही दिसतच नाही!" तो ओरडला आणि चप्पल न घालताच बाहेर निघून गेला.

त्याला मी सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरीला लागले त्या वर्षी एक बाप मुलीला घेऊन गयावया करत आला होता, तिची नोंद राहून गेली म्हणून. त्यानं सांगितली ती तारीख मी लिहिली, शाळेचा दाखला न तपासता. मला दया आली होती. पुढं कळलं की त्यानं वय तीन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं. मी दिलेल्या दाखल्यावर त्यानं पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून दिलं, आणि पुढच्या वर्षी तीच पोर कडेवर मूल घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बाळाची नोंद करायला. तिनं मला ओळखलं नाही. मी तिला ओळखलं.

नवरा परत आल्यावर त्याला हे सांगितलं. त्यानं हत्यारांची पेटी पुढं ओढली. मग पेटीतून पंच नव्हे, पेन्सिल काढली. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन त्यानं चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला. "हा घे," म्हणाला. "प्लेटचा आकडा चुकेल, हा चुकणार नाही."

मुंबईच्या कार्यालयात तळमजल्याच्या खोलीत एका म्हाताऱ्या शिपायानं मला कापडात बांधलेली रजिस्टरं काढून दिली. तीननं संपणारा नंबर कुठल्याशा ट्रकचा निघाला. आठचा उघडला आणि ठशाशी आकडे ताडून पाहिले. सगळे जुळले. मालकाच्या रकान्यात साहेब नव्हताच. एका बाईचं नाव होतं, त्याच्या आधी 'डॉक्टर', आणि पत्ता अंबरनाथचा.

मी त्या नावावर बोट ठेवून थांबले. ते नाव मी पाहिलेलं होतं. कुठं, ते आठवेना, पण हजारदा पाहिलेलं होतं.

ते आठवलं दुसऱ्या दिवशी, टेबलावर बसले तेव्हा. जुने दाखले देताना आम्हाला पन्नास आणि साठ सालच्या आसपासची जन्माची रजिस्टरं उघडावी लागतात. त्यात 'खबर देणाऱ्याची सही' असा रकाना असतो. पानामागून पान त्या रकान्यात तीच सही होती. उजवीकडं झुकलेली, शेवटच्या अक्षराची रेघ लांब ओढलेली. अर्ध्या अंबरनाथचा जन्म त्या बाईंच्या हातून झाला होता. आणि मग एका वर्षाच्या उन्हाळ्यात ती सही एकदम थांबत होती. त्यानंतर एकही नाही.

मी मृत्यूची रजिस्टरं काढली. त्या उन्हाळ्यापासून पुढची सगळी. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस सुटल्यावर, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहीपर्यंत. बाईंचं नाव कुठंच नव्हतं.

पत्त्यावर आता तीन मजली सोसायटी उभी होती. समोरच्या औषधाच्या दुकानातले म्हातारे मालक म्हणाले, "डॉक्टरबाई? त्या उल्हासनगरला गेल्या. चार नंबर कॅम्पात. आहेत, आहेत. कोणाची डिलिव्हरी आहे?"

फौजदारांना मी रजिस्टरचा उतारा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मुदत वाढवून दिली.

चार नंबर कॅम्पातलं, म्हणजे फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वस्तीतलं, ते घर एका सिंधी कुटुंबाचं होतं. पुढच्या खोलीत घरच्या बाई पापड लाटत होत्या, मागच्या खोलीत डॉक्टरबाई राहायच्या. उंच, वाळलेल्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर ताठ बसल्या.

"तुमची गाडी सापडली आहे," मी म्हणाले.

"हरवली म्हणून मी कुणाला सांगितलं होतं?"

मी गडबडले. जांभूळ, गोठा, नवरा, चौकी, माझं नोंदणीचं टेबल, सगळं एका दमात सांगून टाकलं. हस्तांतराचे फॉर्म पुढं केले. त्यांनी ते हातातही घेतले नाहीत.

"भंगारात घाला ती. माझी सही मिळणार नाही."

"पण का?"

"चहा घेऊन जा," असं म्हणून त्या भिंतीकडं वळून आडव्या झाल्या.

घरच्या बाई मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. "बुरा मत मानना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अम्मा गाडीचं नाव घेत नाही. मोटार, रिक्षा, कशातच बसत नाही. माझ्या मुलीची शादी तीन नंबरला होती, तर अम्मा पायी आली. इतनी धूप में."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. सोड." पण मला सोडवेना. आता गाडीचं तेवढं राहिलं नव्हतं. ती सही थांबली का, हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. रजिस्टर ऑफिसबाहेर नेता येत नाही, म्हणून दोन पानांवरच्या नोंदी नावं गाळून हातानं उतरवून नेल्या होत्या. फॉर्म काढलेच नाहीत. मी नुसतं वाचू लागले. जांभूळ रस्ता, मुलगी. खुंटवली, मुलगा. स्टेशनमागची चाळ, जुळे, दोघं जिवंत. त्या भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होत्या. जुळ्यांशी आल्यावर म्हणाल्या, "एक पायाळू होता." आणि उठून बसल्या.

मग त्यांनीच सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्या जांभूळला एका बाळंतपणाला गेल्या होत्या. मूल झालं, आई-मूल दोघं सुखरूप. हात धुवत होत्या तेवढ्यात अंबरनाथहून माणूस धावत आला. वीटभट्टीवरची एक कातकरी बाई सकाळपासून अडली होती. डॉक्टरबाई निघाल्या आणि गाडी सुरू होईना. हँडल मारलं, गावातल्या चार माणसांनी ढकललं, पुन्हा हँडल मारलं. त्यात किती वेळ गेला ते त्यांना कळलंच नाही. शेवटी गाडी त्याच घरी सोडून, 'आठ दिवस ठेवा' असं सांगून, त्या पिशवी घेऊन चालत सुटल्या.

"पोचले तेव्हा बाई गेली होती. मूल पोटातच. भट्टीवाले म्हणाले, आत्ताच गेली. आत्ताच." त्या थांबल्या. "ढकलण्यात वेळ घालवला नसता, लगेच चालायला लागले असते तर पोचले असते. मला गाडीचा मोह होता. अंबरनाथात गाडी चालवणारी मी एकटी बाई. त्यानंतर अंबरनाथात मी एकही बाळंतपण केलं नाही."

मी उतरवलेली पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"तू त्या टेबलावर बसतेस ना?" त्यांनी एकदम विचारलं. तोवर त्या मला अहोजाहो करत होत्या. "तिची नोंद बघ. तारीख बघ. मला तारीख नीट आठवत नाही, आणि ती आठवायला हवी." बाईचं नाव त्यांना पाठ होतं. तिच्या नवऱ्याचंही.

मी त्या वर्षाचं मृत्यूचं रजिस्टर तीन दिवस पानोपान चाळलं. नोंद नव्हती. भट्टीची माणसं पाऊस लागायच्या आधी निघून जातात. कोण कशाला पालिकेत जाईल? हे सांगायला मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्या कागदांवर ती मेलीच नाही," त्या म्हणाल्या. "अजून विटाच थापते आहे." मग हात पुढं केला. "आण ते फॉर्म."

"डॉक्टरबाई, त्यासाठी नव्हते आले मी आज."

"ठाऊक आहे. सही आधी घे, नाहीतर तुला वाटेल मी अडवून धरते आहे. पण तिची नोंद कर. होते का इतक्या वर्षांनी?"

"होते. तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम. कोर्टात यावं लागेल."

"येईन. चालत येईन."

त्यांनी सह्या केल्या. तीच झुकलेली सही, शेवटची रेघ तशीच लांब ओढलेली.

गाडीचं पुढचं काम भराभर झालं म्हणावं, तरी चार महिने गेले. पुस्तक गहाळ झाल्याची तक्रार, पुस्तकाची दुय्यम प्रत, हस्तांतर. फौजदारांनी गाडी सोडली. ठाण्याला इन्स्पेक्टरनं ती पुढं-मागं चालवून पाहिली, ब्रेक दाबला, हेडलाइट लावले आणि नवऱ्याला विचारलं, "विकणार का?" नवऱ्याच्या नावाचं पुस्तक टपालानं आलं त्या दिवशी त्यानं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि दिवसभर काढलं नाही.

मृत्यूच्या नोंदीचं मात्र घोडं अडलं होतं. पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर. दुसऱ्या तारखेला वकील म्हणाले, पुरावा कमी आहे. मी प्रत्येक वेळी रजा टाकत होते आणि वरिष्ठ डोळे वटारत होते.

"आपलं काम झालं ना?" नवरा एकदा म्हणाला. "त्यांना काय कळणार आहे? सांग, कोर्टानं नाकारलं."

खरं सांगते, तो मोह मलाही होत होता. मी इतकी थकले होते की बस. पण घरात स्वस्थ बसवायचं नाही. भांडी घासताना मध्येच उठून कोर्टाची फाइल उघडून बघायचे, जागेवर आहे ना. तिसऱ्या तारखेला मी निघाले तेव्हा नवरा न बोलता शर्ट घालून बरोबर आला. गाडी अंगणातच ठेवली. चार नंबरहून कोर्टापर्यंत आम्ही चौघं चालत गेलो. मध्ये डॉक्टरबाई छत्री घेऊन, एका बाजूला घरच्या सिंधी बाई, दुसऱ्या बाजूला मी. नवरा दोन पावलं मागं. ऊन मी म्हणत होतं. दर वीस पावलांवर त्या थांबायच्या आणि मी घड्याळ बघायचे.

एका थांब्यावर त्यांनी मागं वळून नवऱ्याला विचारलं, "काय बिघडलं होतं तिचं?"

नवरा पुढं आला. कुणी मशीनबद्दल विचारलं की त्याचा चेहरा बदलतो. "कॉइलची एक वायर आतून तुटली होती, डॉक्टरबाई. वरचं कापड शाबूत, आत तांबं तुटलेलं. मला सापडायला दोन महिने लागले."

"म्हणजे ढकलून सुरू झाली नसती?"

"शंभर माणसांनी ढकलली असती तरी नाही."

"आणि मला त्या दिवशी दिसली नसती ती वायर?"

"तुम्हाला काय, मलाही दिसली नसती."

त्या छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग चालू लागल्या.

मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला, वर पाहिलं. "इतक्या वर्षांनी? वारस कोण आहे? मिळकत वगैरे काही आहे का?"

"काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग या नोंदीचा उपयोग काय?"

"उपयोग नाही. पण ती बाई मेली, हे घडलं आहे. मी तिथं होते."

त्यांनी पिशवीतून एक छोटी वही काढली. त्या काळची त्यांची रोजनिशी, ट्रंकेच्या तळाशी सापडलेली. त्या दिवसाच्या पानावर बाईचं नाव, 'वीटभट्टी', आणि खाली एकच शब्द होता, 'उशीर'. तारीख वर छापलेली होती. मॅजिस्ट्रेटनी वही बराच वेळ हातात धरली. आठवड्यानं हुकूम मिळाला.

त्या दिवशी कोर्टातून परतीच्या वाटेवर, डॉक्टरबाईंना घरी सोडून आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "वायरचं खरं सांगितलंत का?"

"तुटली होती हे खरं," तो म्हणाला. "कधी तुटली ते मला काय माहीत? तेव्हा तुटली असेल, नाहीतर मागून उंदरानं कुरतडली असेल."

"मग तसं सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं काय बिघडलं होतं. कधी, ते विचारलं नाही." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "तुझ्या रजिस्टरात नाही जायचंय ते."

मी चालत राहिले. इतर वेळी बोलले असते.

हुकूम आल्यावर नोंद मीच लिहिली. नाव, नवऱ्याचं नाव, ठिकाण, कारण. वय डॉक्टरबाईंनी अंदाजे सांगितलं, ते 'अंदाजे' असंच लिहिलं. खबर देणाऱ्याच्या सहीसाठी त्या आमच्या कार्यालयात आल्या, उल्हासनगरहून अंबरनाथला, पायी. सकाळी निघाल्या होत्या, जेवणाची सुट्टी संपता संपता पोचल्या. जिना चढून आल्यावर दम लागला होता, तरी आधी रजिस्टर पुढं ओढून त्यांनी सगळी ओळ वाचली, मग सही केली. दाखला हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "ह्याचं मी काय करू?" आणि तरी चार घड्या घालून पिशवीत ठेवला.

नवरा खाली गाडी घेऊन उभा होता. त्यानं दार उघडलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, कारण उन्हानं तापलं होतं.

"रंग चांगला दिलास," त्या त्याला म्हणाल्या. मग मला विचारलं, "सावलीचा रस्ता कुठून आहे?"

मी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि त्यांच्याबरोबर चालत निघाले. नवरा आमच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, थेट चार नंबर कॅम्पापर्यंत गाडी हाकत आला. मागची वाहनं हॉर्न वाजवत होती, रिक्षावाले शिव्या देत होते, इंजिन तापून वाफ येत होती. तो थांबत होता, पाणी घालत होता, पुन्हा येत होता. डॉक्टरबाईंनी एकदाही मागं पाहिलं नाही, आणि त्याला परत जा असंही म्हणाल्या नाहीत.